ज्येष्ठांना बाकावर बसवणे

मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावात कोणी मराठी माणूस स्वतःच्या डोक्याने युरोपला जात नाही. आधी जाऊन आलेल्या कुटुंबाची एक्सेल शीट मागायची, तारखा बदलायच्या आणि निघायचं. माझ्याकडे आलेली स्पेनमधल्या मालागाची शीट तीन घरं फिरून आली होती. डाळ-भात कुठे मिळतो, फोटो कुठल्या कोपऱ्यातून चांगला येतो, सगळं पंधरा-पंधरा मिनिटांत बसवलेलं. मी गाड्यांच्या कंपनीतला प्रोजेक्ट मॅनेजर. असं काही पाहिलं की मला अगदी भरून येतं.

आईला मात्र एकच गोष्ट हवी होती. सगळा जन्म नागपुरात गेला, समुद्रात पाय बुडवायचे राहिले. मागच्या वेळी ती आमच्याकडे आली तेव्हा मी तिला लेक मिशिगनवर नेलं होतं. पलीकडचा काठ दिसत नाही, तेव्हा हाच समुद्र समज म्हणालो. तिने ओंजळीतलं पाणी चाखलं आणि मला वेड्यात काढू नकोस म्हणाली. म्हणून या वेळी ती नागपूरहूनच स्पेनचा व्हिसा घेऊन आली. गुडघ्यांची अवस्था अशी, की पुन्हा एवढा प्रवास व्हायचा नाही. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

समुद्र शीटमध्ये होता. पुढे लिहिलं होतं, 'वेळ उरल्यास'. पहिल्या दिवशी तो उरला नाही, कॅथेड्रलच्या रांगेत गेला. दुसऱ्या दिवशी म्युझियम लांबलं. बायको म्हणाली, आईंना आधी बीचवर नेऊन आणू. मी तिला समजावलं, की यार, एक ओळ हलवली की खालच्या सगळ्या हलतात.

तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी टेकडीवरचा किल्ला. तिथे शीट अगदी स्पष्ट होती: ज्येष्ठांना खाली बाकावर बसवणे, पंचेचाळीस मिनिटं. बसवलं. पाण्याची बाटली दिली, चिवडा दिला, इथून हलू नकोस म्हणून बजावलं. वर बागा होत्या, कारंजी होती आणि तटावरून निळाशार समुद्र दिसत होता. आईला दाखवायला म्हणून मी त्याचे भरपूर फोटो काढले. काय पण मातृभक्ती!

सव्वा तासाने खाली आलो तर बाक रिकामा. फोन लावला, तर उचलेना. मी पोलिसांचं बोलू लागलो, तर बायको म्हणाली, दुसरीकडे कुठे जाणार आहेत त्या, आणि समुद्राच्या दिशेने चालायलाही लागली.

आई गुडघाभर पाण्यात उभी होती. साडी वर खोचलेली, पिशवी खांद्याला, चपला काठावर. लाट आली की दोन पावलं मागे सरायची आणि एकटीच हसायची.

मी काठावरूनच तोंड सोडलं. परका देश, भाषा येत नाही, एवढा रहदारीचा रस्ता, पडली असतीस म्हणजे? आणि फोन कशाला दिलाय? तिने सगळं ऐकून घेतलं.

"फोन उचलला असता तर तू म्हणाला असतास, थांब, आलोच," ती म्हणाली. "तीन दिवस थांबलेच होते ना रे."

कुणीतरी कानाखाली द्यावी तसं झालं मला. लाज वाटली. मग तीच म्हणाली, "काहून उभा आहेस तिथं? बूट काढ, ये."

विमान साडेसहाचं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. पण ते तिला दिसलं आणि ती लगेच बाहेर आली. वाळूत बसून पदराने पाय पुसले, एकेक करून चपला घातल्या. त्या गुडघ्यांनी तिला बराच वेळ लागला. राहा अजून थोडी, असं तेवढ्यात मला सहज म्हणता आलं असतं. मी टॅक्सी बुक करत होतो.