फिका गुलाबी

अहो ताई, दारात काय उभं राहता? जवळ या, नीट बसा. अर्धं ऐकून निघायची तुमची सवय वाईट हाय.

आमचे सर कुणी घाई केली की म्हणत, "थेंबाला मान द्या." शिरूरच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे, मी प्रयोगशाळेत काचसामान धुवायची.

वर तोटी लावलेल्या उभ्या काचनळीत जांभळं परमँगनेट, खाली फ्लास्कमध्ये गरम केलेलं ऑक्झॅलिक आम्ल. पहिला थेंब जरा रेंगाळायचा, मग पुढचे पटापट गडप. "मावशी, वरचा घेणारा, खालचा देणारा," सर मला सांगायचे. "इलेक्ट्रॉन देता देता खालचा संपला, की पुढच्या थेंबाचा रंग तसाच राहतो. फिका गुलाबी. तिथं थांबायचं. वरून किती उतरलं ते वाचलं, की खाली किती होतं ते कळतं." मी चौथी शिकलेली, पण हे डोक्यात बसलं.

एकदा शिकवताना गुलाबी येऊन गेला, तरी सरांची तोटी चालूच. फ्लास्क वांग्यासारखा जांभळा! पोरी खिदळल्या. "आज हात सैल सुटला," म्हणून सरही हसले. मी नाही हसले. त्यांना फिका रंग दिसेनासा झाला होता. कुणाला कळलं तर प्रयोगशाळा सुटणार, हे त्यांना ठाऊक, मलाही.

पुढच्या खेपेला मी शेजारी उभी राहिले आणि गुलाबी आल्यावर खोकले. त्यांनी तोटी बंद केली. तीच आमची खूण ठरली. दोन वर्षं असं निभावलं.

मग बारावीची प्रॅक्टिकल आली. बाहेरच्या परीक्षकांसमोर आधी सरांनी रीडिंग घ्यायचं, त्याच्याशी पोरांची रीडिंगं ताडायची. नेमकी मला सर्दी. पदर तोंडात कोंबला, तरी खोकला आलाच. सरांनी तोटी बंद केली.

"सर, हे तर अजून पाण्यासारखंच आहे," परीक्षक म्हणाले.

सरांनी तोटीवरचा हात काढला. मी खोकले म्हणून सांगून टाकावं, असं माझ्या मनात आलं, तेवढ्यात तेच बोलले, "माझं रीडिंग धरू नका. मला रंग दिसत नाही. पोरांचं नुकसान होईल."

प्रयोगशाळेच्या चाव्या टेबलावर ठेवल्या. जाताना मला काय म्हणावं? "मावशी, आलं घालून चहा घ्या. छातीत कफ हाय तुमच्या."

ते न्हावऱ्याला, गावी गेले. एसटीनं जाऊन यायला एक दिवस पुरला असता. पण तोंड कसं दाखवू, म्हणत उद्यावर ढकलत राहिले. शेवटी मी गेले तेव्हा ओसरीवर सरांच्या सूनबाई होत्या.

"आप्पा जाऊन म्हैना झाला," त्या म्हणाल्या. "सारखं इचारायचे, मावशी आल्या का?"

चाललात? बघू, जमलं की येते, असलं काही म्हणू नका. येत्या बाजारच्या दिवशीच या. मी घरीच हाय.