पाचवं बोट

"साहेब, चार बोटांनी ही पोर बोलणार कशी? अर्ध्या खुणा मोडतात!" बाई अशा ओरडल्या, की तिकडं स्वारगेटला एसटीनं करकचून ब्रेक मारला.

आमच्या कार्टूनच्या स्टुडिओत त्या चित्रं काढायच्या. घरी लेकीला ऐकू येत नाही, म्हणून तोंडाबरोबर हातही बोलायचे. त्या वाऱ्यानं शेजारच्या टेबलावरचा चहा निवायचा. मालिकेत खुणांनी बोलणारी मुलगी येणार म्हटल्यावर बाई जमिनीच्या वीतभर वरून चालत होत्या.

पण कार्टूनला चारच बोटं काढायची, तेवढंच काम वाचतं, ही आमच्या धंद्याची रीत. बाईंनी एकटीनं प्रत्येक चित्रात पाचवं बोट घातलं. साहेबांनी सगळी पुसायला लावली. "अहो बाई, बोटं कोण मोजतंय?" जाहिरात मात्र झाली, 'कर्णबधिर मुलांची हक्काची मैत्रीण'!

पहिला भाग लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "लेकीला आवडली का?"

बाईंचे हात मांडीवर पडून होते.

"म्हणाली, हात छान हलवते. बोलत काहीच नाही."