कारणाचा रकाना

सव्वीस वर्षं काका चार गल्ल्यांना पाणी सोडत होते. खांद्यावर पाच फुटी लोखंडी चावी घेऊन यायचं, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढायचं, चावी आत बसवायची आणि बावीस फेरे फिरवायचे. सकाळी सहाला म्हणजे सहाला. "काका, आज पाहुणे आहेत, जरा जास्त सोडा ना," असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "पाणी तहान लागल्यावर येत नसतं, वेळ झाल्यावर येतं." यावर लोक काय काय बोलत, ते काका घरी येऊन बायकोला जसंच्या तसं सांगत. तिला त्यातलं बरंचसं पटायचं.

मग कॅन्सर झाला. डाव्या फुफ्फुसाचा खालचा तुकडा काढला, औषधाच्या सुया झाल्या. "जन्मात विडीला हात लावला नाही हो," असं ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. प्रत्येक जण "हो का?" म्हणायचा आणि त्यांच्या बोटांकडे बघायचा. आठ महिन्यांनी तपासण्या स्वच्छ आल्या. दुखणं तेवढं राहिलं. टाक्यांच्या रेघेवर कुणी तापलेली सळई ठेवली आणि विसरून निघून गेलं, असं दुखायचं.

हे ते कुणाला सांगत नसत. दुखतंय म्हटलं तर परत आलाय म्हणतील. आपण बोललोच नाही तर येणार नाही, असा त्यांचा कयास. त्यात कचेरीची चिठ्ठी आली. सोमवारी साहेबांसमोर चावी एकट्याने फिरवून दाखवा, नाहीतर तक्रार खिडकीवर बसा. इतकी वर्षं ज्या शिव्या पाठीमागून मिळत होत्या, त्या आता समोर बसून घ्यायच्या!

दुखण्याच्या गोळ्या बारा तासांनी घ्यायच्या होत्या. काका अगदीच जीव कासावीस झाला तर एखादी घ्यायचे. बाकीच्या 'खरं दुखेल तेव्हासाठी' हत्यारांच्या पेटीत, नळाच्या वायसरांच्या डब्यात ठेवलेल्या.

गुरुवारी दवाखान्यात सिस्टरने विचारलं, "काका, गोळ्या घेता ना?"

"घेतो की."

"कधी?"

"दुखलं की."

बायकोने पिशवीतून वायसरांचा डबा काढला आणि टेबलावर पालथा केला. एकोणपन्नास गोळ्या निघाल्या आणि तीन वायसर.

"हे काय?"

"साठा," काका म्हणाले. "सवय लागते म्हणे."

"कोण म्हणे?"

"मेव्हणा."

"डॉक्टर आहेत?"

"इस्त्रीचं दुकान आहे."

"माझ्या भावाचं नाव नका घेऊ हं मध्ये," बायको म्हणाली. "तो काहीही बोलेल. तुम्ही ऐकता कशाला?"

"आम्ही सांगतो तशा घेतल्या तर सवय लागू नये यावर आम्ही लक्ष ठेवून असतो," सिस्टर म्हणाली. "बरं, मला सांगा, लाइन कोरडी पडली आणि मग पाणी सोडलं, तर लगेच येतं?"

"कसं येईल? पाइपात हवा भरलेली असते. आधी ती फुसफुसत बाहेर येणार, मग गढूळ, मग पाणी. शेवटच्या घराला तर अर्धा तास..."

"शेवटच्या घरात मीच राहते. चौथी गल्ली, तिसरा मजला."

काकांनी टेबलावरचा एक वायसर उचलला.

"म्हणून लाइन कोरडी पडू द्यायची नाही. गोळी दुखल्यावर नाही, वेळ झाल्यावर घ्यायची. सहा वर्षं तुम्ही मला हेच ऐकवताय."

बायको इतकी हसली की बाहेरच्या रांगेतली दोन डोकी आत डोकावली. ती डोकी मागे गेल्यावर काकांनी वायसर बोटात फिरवत विचारलं, "दुखतंय म्हणजे... परत आलाय का?"

सिस्टरने फाइल त्यांच्यापुढे सरकवली. "तपासणी स्वच्छ आहे. ऑपरेशनच्या वेळी बरगडीजवळची नस दुखावली, ती ओरडतेय. वेगळं काही दुखलं तर त्याच दिवशी यायचं. लपवलंत तर आम्हाला स्वप्न पडणार आहे का? सगळं जाणार नाही, पण कामापुरतं कमी होईल. आणि हे पोट साफ व्हायचं औषध. या गोळ्यांनी ती लाइन तुंबते."

जुन्या गोळ्या तिने ठेवून घेतल्या, नव्या मोजून दिल्या. वायसर परत दिले.

सोमवारी पहाटे पाच वाजता, काहीही दुखत नसताना, काकांनी गोळी घेतली. भूक नसताना जेवल्यासारखं वाटलं. सहाला साहेब आले. चौदा फेरे विनातक्रार झाले. पंधराव्याला सळई जागी झाली. एरवी काकांनी दात आवळले असते.

"साहेब, दुखतंय. बसतो जरा."

साहेबांना कुठे बघावं कळेना, म्हणून त्यांनी घड्याळात बघितलं. काका कट्ट्यावर बसले, हळूहळू श्वास घेतला, उठले आणि उरलेले आठ फेरे फिरवले. चौथ्या गल्लीतून, तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "काकाऽऽ, सात मिनिटं उशीर!"

काकांनी मान वर केली नाही.

"म्हणजे फिरवता येते एकट्याने," साहेब म्हणाले.

"येते. मध्ये बसून."

साहेबांनी सही केली आणि रजिस्टर पुढे केलं. उशीर झाला की कारण लिहायचं असतं. आधीच्या पानांवर वीज नव्हती, पाइप फुटला, झाकणावर मोटार उभी होती. काकांनी सावकाश लिहिलं, 'चावीवाल्याची बरगडी दुखत होती.'

"असं कारण यादीत नाही हो," साहेब म्हणाले.

"मग घालून घ्या," काकांनी चावी खांद्यावर घेतली, उजव्या. "पुन्हा लागेल."