सॅकवर पडलेल्या दोन थापा

आधीच सांगून टाकतो, माझ्या टेम्पोला लिंबू-मिरची आहे ती आईच्या समाधानासाठी. मी स्वतः अमावस्येला गाडी भरतो, मांजर आडवं गेलं तर त्यालाच हॉर्न देतो, आणि कुणी भुताच्या गोष्टी सुरू केल्या की फाटे फोडायला सगळ्यात पुढे मी. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला काही सुचलं तर सांगा, म्हणून लिहितोय.

मी भिवंडीजवळच्या काल्हेरचा. शेजारच्या वळ गावातल्या एका गोडाऊनमधून माल उचलून पोचवायचा, हा माझा धंदा. तिथेच जयेश कामाला आहे, माझा शाळेपासूनचा दोस्त. गाड्या रिव्हर्समध्ये लावून घ्यायचं काम त्याचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो - गाडी मागे येत असताना हा ओरडत राहतो, "आने दो, आने दो…" आणि गाडी प्लॅटफॉर्मला टेकायच्या आत तिच्या बॉडीवर उघड्या तळव्याने दोन थापा मारतो. दोन थापा म्हणजे ब्रेक. तिथे ड्रायव्हरने विचार करायचा नसतो, पाय आपोआप जातो. मग ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून दाखवतो, म्हणजे बरं झालं रे बाबा. हल्ली बरेच जण दाखवत नाहीत, आणि जयेश दिवसभर त्यांच्या नावाने बोटं मोडतो.

पावसाळा सरला, गवत पिवळं पडायला लागलं, तेव्हा आम्ही तिघे पाठीवर सॅक टाकून निघालो. तिसरा म्हणजे गोडाऊनच्या डिस्पॅचमधला फिरोज. भिवंडीतल्या लूमवाल्यांच्या घरातला, प्रत्येक गोष्टीला 'क्यूं' विचारणारा. वज्रेश्वरीला एसटीतून उतरलो, गरम कुंडात पाय बुडवून घेतले आणि तानसाच्या जंगलाच्या कडेकडेने माहुलीच्या डोंगराकडे चालत सुटलो. इतकी वर्षं या पट्ट्यात गाडी हाकली, पण घराच्या इतक्या जवळ असं काही असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. भेकर नावाचं हरीण भुंकलं तेव्हा जयेशने कुत्रा समजून त्याला चुचकारलं. त्यावरून आम्ही त्याला पार पाड्यावरच्या मुक्कामापर्यंत पिडलं. ओढ्याच्या चिखलात बिबट्याचं पाऊल दिसलं, तेव्हा मात्र तिघंही एकमेकांना चिकटून चालायला लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगराच्या एका सोंडेवर पोचलो. समोर माहुलीचे काळे सुळके, मधल्या दरीवर एक घार संथ फिरत होती. वारा अजिबात नव्हता. मी मोबाईल काढून या दोघांना उभं केलं, पण मागचा सुळका काही पुरा मावेना. म्हणून स्क्रीनमध्ये बघत बघत मी एकेक पाऊल मागे सरकायला लागलो. जयेशला चेव आला. "आने दो, आने दो…" मीही तोंडाने रिव्हर्सचा पीं-पीं आवाज काढत मागे चाललो होतो. फिरोज हसून वाकला होता…

आणि माझ्या सॅकवर दोन थापा पडल्या. उघड्या तळव्याच्या, एकामागोमाग. हादरा थेट पाठीच्या कण्यात आला.

मी जागीच थांबलो. "बस काय?" असं तोंडातून निघूनही गेलं, इतकी सवय. पण जयेश मला समोर स्क्रीनवर दिसत होता. फिरोजही.

मागे वळलो तर कमरेएवढं गवत. फिरोजने काठी आणून त्यात खुपसली. ती गेली ती गेलीच, खाली टेकलीच नाही. गवत कड्यावरून बाहेर झुकलं होतं आणि त्याच्याखाली जमीन संपलेली होती. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर माझी तान्ही पोर बापाला ओळखायच्या आत मी फोटोत गेलो असतो.

जयेशने मला दंडाला धरून कड्यापासून लांब ओढलं. "मीच बोलवीत व्हतो रं तुला," एवढंच म्हणत राहिला, आणि रडला. थापा त्यानेही ऐकल्या होत्या. फिरोजने नाही.

उतरताना फिरोजने तपासच लावला. वानर असेल? वानरं खाली ओढ्यावर होती. फांदी? आसपास झाड नव्हतं. सॅकमधली बाटली हलली असेल? तो स्वतः माझी सॅक घालून उड्या मारत राहिला, तसा आवाज निघाला नाही. शेवटी म्हणाला, "चल मान लिया किसीने मारा। लेकिन खड़ा कहाँ था?" माझ्या मागे उभं राहायला जागाच नव्हती.

परत आल्यावर जयेश माझी गाडी लावून घेईना. माझा टेम्पो आला की दुसऱ्याला पुढे करायचा आणि आत निघून जायचा. मला ते त्या कड्यापेक्षा जास्त लागलं. शेवटी एकदा चहाच्या टपरीवर त्याला धरलं. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "तू त्याला हात न्हाय दाखवलास."

मी हसणार होतो. पण त्याचा चेहरा बघून हसलो नाही.

पुन्हा गेलो, तिघंही. गवत वाळून आडवं झालं होतं, आता कडा लख्ख दिसत होता. मी चांगला लांब उभा राहिलो, गाडीची असते तशी पाठ दरीकडे केली आणि उजवा हात बाजूला काढून दाखवला. वाटलं होतं लाज वाटेल, पण नाही वाटली. "कुछ हुआ?" फिरोजने विचारलं. काही झालं नाही. घारसुद्धा नव्हती त्या दिवशी.

कुणी थांबवलं, ते मला आजही माहीत नाही. फिरोज अजून अधूनमधून नवीन शक्यता आणतो आणि आम्हीच ती खोडून काढतो.

पण दुसऱ्या दिवशी वळच्या गोडाऊनला टेम्पो मागे घेत होतो, तर आरशात जयेश. "आने दो, आने दो…" आवाज जरा बसलेला होता. मग दोन थापा. अगदी तशाच. मी ब्रेक मारला, हात खिडकीबाहेर काढला आणि तो आरशातून दिसेनासा होईपर्यंत तसाच धरून ठेवला.