दुसऱ्यानं लावायचा ठिपका

दोन्ही पंजे समोरच्याच्या तोंडापुढे धरून ते म्हणायचे, “या हाताचं काय खरं नाय. बावीस वर्षं गन धरलीय.” नव्या माणसाला बंदूकच वाटायची. ते खुलासा करत नसत, त्याचा चेहरा बघत राहत.

गन हवेवर चालणारी होती. वाळूजच्या एका कंपनीत मोटारसायकली जोडल्या जात, तिथे ते मागच्या चाकाचे नट कसत. त्या गनने त्यांच्या बोटांची जाणीव नेली आणि बरंचसं ऐकणंही. निवृत्तीनंतर ते हडको कॉलनीत, माझ्या समोरच्या घरात एकटे राहत. पत्नी वारली होती, मुलगा पुण्यात. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. टीव्हीचा आवाज रस्त्यापर्यंत येतो आणि बेल वाजवली तर दार उघडत नाही.

अंगणात त्याच कंपनीची एक मोटारसायकल होती. तिला ते कोणाला हात लावू देत नसत. रविवारी दुपारी ती घेऊन दौलताबादला जात, किल्ल्याच्या पायथ्याशी चहा पीत आणि परत येत. किल्ला चढल्याचं कधी बोलले नाहीत.

एका रविवारी गाडी टेम्पोतून घरी आली. ऑइल बदलल्यावर इंजिनाखालचा बोल्ट त्यांनी साध्या पान्याने, अंदाजाने कसला होता. तो वाटेत गळून पडला आणि सगळं ऑइल सांडलं. इंजिन जाम व्हायच्या आत त्यांनी गाडी थांबवली एवढंच. दुसऱ्या दिवशी मुलगा आला. त्याचं बोलणं सगळ्या गल्लीने ऐकलं, कारण वडिलांना ऐकू जावं म्हणून तो ओरडत होता.

“बाबा, पुन्हा एकदा गाडी बंद पडली तर ती विकायची आणि माझ्याकडे यायचं. कबूल?”

“कबूल.”

दोनच दिवसांनी त्यांनी मला गेटवरून हाक मारली. “पत्रकार, चला बाजारात. टॉर्क रेंच घ्यायचाय.”

टॉर्क रेंच म्हणजे जोर मोजणारा पाना. दुकानदाराने तीन काढून ठेवले. एकाला काटा होता, दुसऱ्यावर आकडे उमटत, तिसऱ्यावर हवा तो आकडा लावला की तेवढा जोर झाल्यावर तो टक असा आवाज करी.

“चचा, घर की गाडी को टॉर्क रेंच? शादी है क्या गाडी की?”

“शादी नाय, परीक्षा हाय.”

दुकानदार हसला आणि मग मनापासून, मोठ्याने सांगू लागला. “तो काँटेवाला लेव. सस्ता है, बिगडता नै. आँखों से देखो, बस.”

त्यांनी काट्याचा पाना हातात घेतला, वजन पाहिलं, खाली ठेवला. टक करणारा उचलला. त्यातलाही मोठा नाकारून छोटा घेतला. “मोठा पाना बारक्या बोल्टाला खोटं बोलतो,” म्हणाले.

परतताना मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, की टक ऐकू येणार कसं?

“तुम्हाला येतं ना?”

तेव्हापासून रविवारी सकाळी दहाला मी त्यांच्या अंगणात उलट्या बादलीवर बसू लागलो. ते पाना ओढत. टक झालं की मी हात वर करायचा, म्हणजे ते थांबत. पहिल्याच वेळी मला उशीर झाला. त्यांनी आणखी जोर दिला आणि बोल्टचे आटे गेले. उठून कंबर सरळ करत म्हणाले, “पत्रकार, बातमी शिळी दिली.”

नवा बोल्ट आणून पुन्हा कसला. मग त्यांनी पिवळ्या रंगाची बाटली आणि काडी माझ्या हातात दिली. कसलेल्या बोल्टवर ठिपका लावायचा होता.

“तुम्हीच लावा की.”

“नाय. ज्यानं कसला त्यानं लावायचा नाय. दुसऱ्यानं बघायचं, दुसऱ्यानं लावायचा. कंपनीत लाइनीवरचा कायदा हाय.”

मी लावला. चष्मा चढवून त्यांनी तपासला. “वाकडा,” म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले. चहाच्या आधी पान्याचा आकडा शेवटपर्यंत खाली उतरवत. “स्प्रिंग ताणून ठेवली की बिघडते,” हे दर वेळी सांगत.

दर आठवड्याला कसावं असं त्या गाडीत काही नसतं, हे मला बऱ्याच दिवसांनी एका मेकॅनिककडून कळलं. म्हणजे घट्ट बसलेला बोल्ट ते मी यायच्या आधी सैल करून ठेवत होते. मी त्यांना तसं विचारलं नाही.

दोन वर्षं हे चाललं. गाडी एकदाही बंद पडली नाही. पुढे ऑफिसात माझी सुट्टी बदलली, रविवार गेला.

“आता बुधवारी करू,” मी म्हणालो.

“व्हय. बुधवारी.”

दोन बुधवार मी गेलो. तिसऱ्या बुधवारी वैजापूरला बातमीसाठी जावं लागलं. चौथा विसरलो. त्यानंतर गाडी अंगणातच दिसू लागली. एकदा गेटवर भेटले तेव्हा विचारलं, “दौलताबाद बंद?”

“ठिपका नाय लागला ना.”

येतो म्हणालो. गेलो नाही.

दिवाळीच्या आधी मुलगा कार घेऊन आला. दोन बॅगा, एक ट्रंक, एवढंच सामान होतं. ते पुढच्या सीटवर जाऊन बसले होते, काच वर होती. मुलगा कुलूप लावून माझ्याकडे आला.

“बाबांचाच फोन आला. म्हणाले, गाडी बंद पडली, न्यायला ये. आत्ता बघितली तर पहिल्या किकला चालू.” त्याने किल्ली खिशात टाकली. “तुम्ही समोरच राहता म्हणून विचारतो. रविवारी सकाळी फोन केला की म्हणायचे, लोक आलेत, मग बोलतो. कोण यायचे हो?”

“गल्लीतले,” मी म्हणालो. “चार-पाच जण.”

“बरं झालं,” तो म्हणाला. “मला वाटायचं, एकटेच असतात.”