पाणी द्या, हात देऊ नका

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळे ते जणू माझ्या नोकरीतच बसत होतं. अमक्या विहिरीवर पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते असं कुणी म्हणालं, की मी विचारायचो – लुगडं नऊवारी होतं की पाचवारी? सांगणारा चिडायचा, मी खूश. आता मीच या सदरासाठी लिहायला बसलोय म्हटल्यावर माझे जुने विद्यार्थी पोट धरून हसतील. हसू देत. मला जे दिसलं ते मी आजवर चारचौघांत नीट सांगितलेलं नाही... एकदा सांगून मोकळं व्हावं म्हणतो.

पंचावन्न-छप्पन सालचा मार्च महिना. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली वेगळा जिल्हा झालेला नव्हता. माझं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचा, म्हणजे कुसुमचा, धाकटा भाऊ वसंता कॉलेजात होता. परीक्षा आटोपून नागपुरात आमच्याकडेच येऊन राहिला होता आणि दिवसभर माझी थट्टा करण्यापलीकडे त्याला काम नव्हतं. मला सायकलवरून भटकायचा भारी नाद. या खेपेला आलापल्लीचं सागवान आणि तिथून पुढचे डोंगर पाहायचे ठरवले, तेव्हा वसंता मागेच लागला. कुसुमने त्याला पाठवलं, पण निघताना मला दारात थांबवून बजावलं, "जसा नेताय तसा आणा. आईचा एकुलता एक आहे." मी म्हटलं, "तुझ्या भावाला कोण पळवतंय? दोन दिवसांत परत करतील." ती हसली नाही.

चांद्याहून मोटारीच्या टपावर सायकली टाकून आम्ही आलापल्लीला उतरलो. मान मोडेपर्यंत वर पाहावं असे सागवान पाहिले, जंगलातल्या वाटांवरून मनसोक्त सायकली हाणल्या. मग भामरागडच्या दिशेने निघून, एक वाट डोंगराकडे फुटत होती तिला लागलो. संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं माडिया गाव लागलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथला गायता, म्हणजे गावची पूजाअर्चा बघणारा वडीलधारा माणूस, मोडकंतोडकं मराठी बोलायचा. त्याने आम्हाला अंगणातली मांडवी, म्हणजे चार खांबांवरचं छप्पर, झोपायला दिली, त्याच्या बायकोने आंबील दिली. वसंताने डोंगराकडे पाहत जाहीर केलं, "भाऊजी, उद्या सूर्य उगवताना मी वरती. तुमची कंबर काही उठायची नाही. तुम्ही चहा करून ठेवा."

खरंच, माझी कंबर उठली नाही. पहाटे तो सायकल घेऊन निघाल्याचं झोपेत ऐकलं. जाग आली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं आणि पाण्याची बाटली माझ्याच सायकलला लटकत होती. लष्करी माल विकणाऱ्याकडून घेतलेली, खाकी कापड चढवलेली आणि एका बाजूला पोचा आलेली अशी ती आमची एकुलती एक बाटली. येडपट, पाणी न घेताच गेला, असं मनाशी म्हणत मी वाटेवर आलो... आणि थांबलो.

वाटेवर आडवी गवताची दोरी बांधलेली. तिला बिब्याच्या डहाळ्या, खाली जमिनीवर राखेची रेघ. रेघ दोन्ही बाजूंनी घरांच्या मागून गेलेली दिसत होती. गायता तिथेच बसला होता.

"गाव बांधला, मास्तर," तो म्हणाला. "बाजूच्या गावात देवी आली. पहाटे सांगावा आला, तवाच बांधला. आता दिवस बुडेपर्यंत कोनी बाहेर जात नाई, कोनी अंदर येत नाई."

देवीची साथ म्हणजे खेळ नव्हता. खरं सांगायचं तर मला कौतुकच वाटलं. आरोग्यखातं तरी याहून वेगळं काय सांगतं?

"पण आमचा वसंता बाहेर गेलाय."

"मालूम हाय. तो गेला, मंग बांधला. आता त्याले बाहेरच राहा लागते."

मी चहा केला, एकट्याने प्यायलो. बायामाणसं मोह वेचायला न जाता घरांपुढे बसली होती. ऊन चढत गेलं. मार्चातलं तिकडचं ऊन ज्याने सोसलंय त्यालाच कळेल – डोंगर पांढरा दिसायला लागतो. बोडक्या डोक्याचा पोरगा, जवळ पाण्याचा थेंब नाही, आणि चहाच्या वेळेला येणार होता तो अजून आला नव्हता. कुसुमचा चेहरा डोळ्यांपुढे आला तसा मी उठलो, बाटली भरून गळ्यात अडकवली आणि सायकल काढली.

"मी जातो. मला देवी टोचलेली आहे, मला काही होत नाही."

मला वाटलं, हे लोक अडवतील. गायत्याने मला अडवलं नाही. तो एवढंच म्हणाला, "जाऊन पाहा, मास्तर. जानं नाई होत."

मी दोरीखालून सायकल घातली आणि हाणली. सरळ वाट, उजवीकडे एक मोठा मोह, मग उतार, मग एक वळण. वळण घेतलं आणि समोर घरं. एका घरापुढे उलटी घातलेली टोपली, तिच्याखाली ओरडणारी कोंबडी. मी गावात मागच्या बाजूने शिरत होतो. तिथली राखेची रेघ ओलांडली ती कधी, ते आठवत नाही.

लोक याला चकवा म्हणतात. चकव्यावर मी वर्गात अख्खा तास घ्यायचो. माणसाचं एक पाऊल दुसऱ्यापेक्षा जरा लांब पडतं, म्हणून खुणा नसल्या की तो गोल फिरतो... पोरं माना डोलवायची. पण सायकलला कुठलं डावं-उजवं पाऊल? आणि भर उन्हात, सावली पायाखाली असताना?

दुसऱ्यांदा पायी गेलो. वळणावर वाट सोडून मुद्दाम नाकासमोर झाडीत शिरलो. काटे लागले, सदरा फाटला. झाडी संपली आणि पुन्हा तीच टोपली, तीच कोंबडी. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. एवढं मोकळं आभाळ डोक्यावर, एकही भिंत नाही, एकही कुलूप नाही, आणि मी कोंडला गेलो होतो. मी दोरीपाशी मटकन बसलो. मला रडू फुटलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

तेवढ्यात हाक आली. "भाऊजी!"

दोरीपलीकडे, त्या मोठ्या मोहाच्या अलीकडे वसंता उभा होता. सायकल नव्हती. सदऱ्याला माती लागलेली, ओठ फाटलेले, पण दोन्ही पायांवर ताठ उभा. माझा जीव भांड्यात पडला. मी शिव्या घालतच उठलो आणि त्याच्याकडे धाव घेणार, तोच गायत्याने माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याची पकड लोखंडी होती.

"भाऊजी, पाणी," वसंता दोरीपर्यंत येत म्हणाला. आणि त्याने हात पुढे केला.

"सोडा मला. माझा माणूस आहे तो!"

"असन. नसन बी," गायता म्हणाला. "मले नाई समजत, मास्तर. पाणी द्या. पाण्याले मनाई नाई. पन हात देऊ नका."

त्याला ढकलून मी जाऊ शकलो असतो. पण मी वसंताकडे नीट पाहिलं, आणि पाय उचलेना. एवढ्या वेळात त्याने एकही चेष्टा केली नव्हती. तो माझ्याकडे पाहत होता, पण खालून वर पाहावं तसा... आणि उंचीने तर तो माझ्याएवढाच.

मी बाटली गळ्यातून काढली आणि पट्टा धरून दोरीखालून जमिनीवरून सरकवली. त्याने ती उचलली. हात पुन्हा पुढे केला आणि म्हणाला, "भाऊजी, मला उठता येत नाहीये."

उभा राहून म्हणाला. हे मी आणि गायता दोघांनीही ऐकलं. मी त्याचा हात धरला नाही. त्याने थोडा वेळ तो तसाच ठेवला, मग वळला आणि मोहाच्या मागे गेला. मी हाका मारमारून घसा फोडला.

संध्याकाळपर्यंतचा वेळ कसा गेला ते विचारू नका. मी एकच केलं. उठता येत नाही म्हणाला ना, म्हणून गायत्याकडून बाज मागून घेतली, तिला दोन्हीकडे बांबू बांधून ठेवले. दिवस डोंगराआड गेला तशी गायत्याने कुऱ्हाडीने दोरी तोडली आणि चार माणसं घेऊन आम्ही पळत सुटलो. तीच वाट, तोच मोह, तेच वळण. वळणापुढे गाव नव्हतं. वाट सरळ डोंगराकडे गेली होती.

बरंच पुढे एका कोरड्या नाल्यात वसंता पडला होता. पहाटेच्या अंधारात सायकलसकट काठावरून कोसळलेला. उजव्या पायाची नळी मोडून हाड वर आलं होतं, सायकल अर्धी अंगावर. सकाळपासून तो तिथून हातभरही सरकलेला नव्हता. सुजलेल्या पायाखालची वाळू तशीच दबलेली होती. आणि त्याच्या उशाशी पोचा आलेली खाकी बाटली होती, रिकामी.

बैलगाडीतून आलापल्लीला, तिथून मोटारीने चांद्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अशा उन्हात बिनपाण्याचा राहिला असता तर वाचला नसता. नागपुराहून धावत आलेल्या कुसुमने भावाला पाहिलं, मला पाहिलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. जसा नेला तसा नव्हता, पण आणला होता.

तीसेक वर्षं मी यावर डोकं खाजवतोय. उन्हाने मला भास झाला म्हणावं, तर गायत्यालाही तोच कसा झाला? आणि भासाचं काय ते असो, बाटली चालत जात नाही.

वसंताची हकीगत वेगळीच आहे. तो शपथेवर सांगतो, की भर दुपारी मी स्वतः नाल्यात उतरलो. गळ्यातून बाटली काढून जमिनीवरून त्याच्याकडे सरकवली, एक शब्द बोललो नाही आणि निघून गेलो. तो अजून जरा लंगडतो, पण थट्टा सोडलेली नाही. सगळे जमले की हटकून सांगतो, "आमच्या भाऊजींनी पाणी दिलं, पण मी हात पुढे केला तर धरला नाही!" सगळे हसतात.

मी हसत नाही. त्या दिवशी दोरीपलीकडून पुढे झालेला हात मी धरला असता, तर त्या नाल्यात वसंताचा हात कुणी धरला असता... हे मला कळत नाही. तो लंगडत माझ्या घरी येतो, तेव्हा मी उठून दारात जातो आणि आधी त्याचा हात धरतो. तो म्हणतो, "आता कशाला, भाऊजी?" आणि मी म्हणतो, "असू दे."