तिसरी पुकार

माझा बाप पाळक होता, आणि मी सांगते, पाळकाच्या घरात थोरली मुलगी होऊन जन्माला येणं काही सोपं काम नाही. साऱ्या बुऱ्हाणपुरात बाबांना ‘पादरी साहब’ म्हणत. टांगेवाला म्हणे, मंडईतली भाजीवाली म्हणे. त्यामुळे मी कुठे जोरात हसले तरी ते माझ्याआधी घरी पोहोचलेलं असे.

बाबा सायकलवर बहादरपूरला जात. तिथे केळीच्या बागांत राबणारी आमच्या ख्रिस्ती मंडळीतली चार घरं होती. एकदा तिथल्या एका मजुराला पटकी झाली आणि त्याच्या सख्ख्या भावानं झोपडीत पाय ठेवायला नकार दिला. बाबांनी त्याला दोन दिवस स्वतःच्या हातानं धुतलं, पुसलं, चमच्यानं पाणी पाजलं. माणूस जगला. बाबा घरी आले ते अंगणातच थांबले, डोक्यापासून पायापर्यंत साबण चोळला आणि मगच आत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच हात आमच्या वेण्या घालत होते. मी बघतच राहिले होते त्या हातांकडे.

हो, आम्हा तिघी बहिणींच्या वेण्या बाबा घालत. आईला दम्याचा त्रास, सकाळी तिला हात वर उचलवत नसत. शेजारची काकू ओट्यावरून ओरडायची, “अहो वहिनी, तुमच्या मालकांना लाजबिज आहे का नाही?” बाबा कंगवा दातात धरून हसत. मी वीस वर्षांची घोडी झाले, तरी माझी वेणी त्यांच्याच हातची असायची.

माझं लग्न ठरलं तेव्हा राज्यांची जुळवाजुळव चालू होती. कोणी म्हणे बुऱ्हाणपूर मुंबईकडे जाणार, कोणी म्हणे मध्य प्रदेशातच राहणार. माझा होणारा नवरा नागपूरला सरकारी कचेरीत कारकून होता. ती कचेरीच उचलून भोपाळला निघाली होती. त्याला जेमतेम आठवड्याची रजा मिळाली होती आणि त्यातच लग्न उरकायचं होतं. वऱ्हाड शनिवारी आलं, लग्न सोमवारी.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पुकार होते. उपासनेत पाळक मुलामुलीचं नाव वाचतो आणि विचारतो, कोणाची हरकत असेल तर त्यानं आता बोलावं. तीनदा पुकार झाल्याशिवाय लग्न लागत नाही. माझी दोनदा झाली होती, तिसरी त्या रविवारी व्हायची होती.

त्या रविवारी बाबांनी आजाऱ्यांची नावं वाचली, प्रार्थनासभेची सूचना दिली. मग चिठ्ठी हातात धरून ते जरा थांबले, पान उलटलं आणि सरळ गीत सुरू केलं. देवळात कोणाच्या लक्षातही आलं नाही. सगळ्या गावाला माहीत असलेलं लग्न, कोण कान देऊन ऐकणार? घरी आल्यावर आईच म्हणाली, “अहो, पोरीची पुकार कुठे झाली?”

बाबा खाटेवर बसले. “राहून गेली,” म्हणाले. “म्हणजे लग्न पुढच्या सोमवारी.”

माझं डोकंच फिरलं. “कोण हरकत घेणार आहे माझ्यावर? मांडव पडलाय, पाहुणे दारात बसलेत! संध्याकाळी चार माणसं बोलवा आणि वाचून टाका!”

“मागच्या साली तापीला पूर आला, एका रविवारी उपासनाच झाली नाही,” बाबा म्हणाले. “विणकराच्या पोरीची एक पुकार हुकली. तिचा बाप माझ्या पाया पडला, तरी मी तिला आठवडाभर थांबवलं. आता स्वतःच्या पोरीसाठी नियम वाकवला, तर तिला कोणतं तोंड दाखवू?”

“दाखवा तुमचं तोंड तिलाच!” मी म्हटलं. “मला नका दाखवू.”

बाबा स्वतः वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशाच्या घरी गेले. माझे सासरे काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. मुलगी द्यायची नसेल तर तसं सांगा, हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य. बाबा हात जोडून उभे राहिले आणि चूक माझी आहे एवढंच म्हणत राहिले. शेवटी असं ठरलं की मुलानं भोपाळला जाऊन हजर व्हायचं आणि रजा मिळाली तर यायचं. रजा मिळाली तर! त्या ‘तर’नं माझा जीव टांगणीला लावला.

वऱ्हाडाला आठ दिवस ठेवायचं कुठे? ती विणकराची पोरगी, जिला बाबांनी थांबवलं होतं, तीच दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “पाहुण्या बायका माझ्याकडे राहतील. पादरी साहब, मागच्या साली मी तुम्हाला लई शिव्या दिल्या होत्या.” बाबा म्हणाले, “ठाऊक आहे मला.”

त्या आठ दिवसांत मी बाबांशी एक अक्षर बोलले नाही. रोज सकाळी ते कंगवा घेऊन ओट्यावर बसत. मी त्यांच्यासमोरून जाऊन आरशात बघून स्वतःची वेणी स्वतः घाली. एक दिवस त्यांनी माझ्यासाठी मावा जिलबी आणली, ती मी मुद्दाम बहिणींना वाटून टाकली.

पुढच्या रविवारी बाबांनी तिसरी पुकार वाचली. हरकतीचं विचारून ते नेहमीपेक्षा जास्त थांबले. त्याच दुपारी माझा नवरा इटारसीकडून येणाऱ्या गाडीनं उतरला, आणि सोमवारी बाबांनीच आमचं लग्न लावलं. निघताना मी त्यांच्या पाया पडले, पण नरमले नाही. एवढी मी खट.

पंचवीस वर्षांनी भोपाळच्या देवळात माझ्या मुलीची तिसरी पुकार होती. बाबा आता थकले होते, माझ्या शेजारी बाकावर बसले होते. मुलीचं नाव ऐकलं आणि मला रुमाल तोंडाशी धरावा लागला. बाबा वाकून कानात म्हणाले, “मी विसरलो नव्हतो, बाई. चिठ्ठी हातातच होती. तुझं नाव तोंडातून निघेना. साऱ्या आयुष्यात घरी तेवढंच एक खोटं बोललो.”

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

“हरकत माझीच होती,” ते म्हणाले. “आणि देवानं रागावण्याऐवजी मला आठ दिवस जास्त दिले.”

“बाबा, आठही दिवस मी तुमच्याशी बोलले नाही हो.”

“पण घरात होतीस ना,” ते म्हणाले.

पुढे पाळक विचारत होता, कोणाची हरकत आहे का. मी बाबांचा हात घट्ट धरला, आणि आम्ही दोघंही गप्प बसलो.